स्वकीयांवर उठलेले रक्षक
(जाम येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक मेळाव्यात शिक्षण, विवाह आणि निधी या तीन विषयांवर विचार करण्याचा प्रघात आहे. यंदा चिटणीसांनी आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा केली व विषयाची निवड मजवर सोपविली. मधुमेह, रक्तदाब, क्षय यांविषयी आपण वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचता. म्हणून आज मी मुद्दाम एक विरळ रोग निवडला आहे. त्याचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ स्नायूंची दुर्बलता. दुसरा लॅटिन असून त्याचा अर्थ भारी किंवा गंभीर. रोग विरळ असला तरी दोन कारणांसाठी तो आपण समजून घेतला पाहिजे. पहिले कारण असे की, तो ओळखला न गेल्यामुळे माणसावर, विशेषतः घरातील तरुण स्त्रीवर, आळसाचा वा ढोंगाचा आरोप येतो. दुसरे असे की, आपले शरीर परके कोण व आपले कोण हे कसे ओळखते आणि ती ओळख चुकली म्हणजे काय घडते, हे या रोगाइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरा रोग दाखवितो.

विरळ म्हणजे किती विरळ, हे प्रथम सांगतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दर दहा लाख लोकांमागे सुमारे १५० ते २५० रुग्ण असावेत असे मानतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांच्या घरात होती. तेच प्रमाण येथे धरले, तर जिल्ह्यात दोनशे ते सव्वातीनशे रुग्ण निघावेत. हा केवळ त्रैराशिकाचा हिशेब आहे, प्रत्यक्ष मोजदाद नव्हे. परंतु हा रोग आपल्यापासून दूर नाही एवढे त्यावरून कळावे. चाळिशीच्या आत तो स्त्रियांत अधिक दिसतो. पन्नाशीनंतर पुरुषांत अधिक.

आता लक्षणे. या रोगातील अशक्तपणा वापराने वाढतो आणि विश्रांतीने ओसरतो, हीच त्याची मुख्य खूण आहे. सकाळी उठल्यावर माणूस ताजातवाना असतो. दिवस कलू लागला की एका किंवा दोन्ही डोळ्यांच्या पापण्या खाली येतात. एका वस्तूच्या दोन वस्तू दिसू लागतात. ज्वारीची भाकर चावता चावता जबडा थकतो व अर्धे जेवण पानात राहते. बोलता बोलता आवाज नाकात जातो. कापूस वेचताना पहिल्या तासाला जी बाई सर्वांच्या पुढे असते, तिचे हात तिसऱ्या तासाला वर उचलत नाहीत. घटकाभर झाडाखाली बसली की पुन्हा काम करू शकते. पाहणाऱ्यास वाटते, हिला काम नको आहे. डॉक्टर सकाळच्या वेळी तपासतात तेव्हा फारसे काही आढळत नाही. रक्त तपासले तर पंडुरोग नाही. मग "हिच्या मनाचा रोग आहे" असा निकाल दिला जातो. कोणी दृष्ट काढतो, कोणी ताकदीची सुई टोचून घ्यावयास नेतो. वेदना नसतात, ताप नसतो, सूज नसते. जो रोग डोळ्यांना दिसत नाही त्यावर घरातील माणसांचा विश्वास बसणे कठीण असते.

हा रोग आळशांचा नव्हे याचे एक उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील ख्यातनाम नट अमिताभ बच्चन यांना १९८४ साली हाच रोग असल्याचे निदान झाले, व ही गोष्ट त्यांनी लपवून ठेवली नाही. त्यानंतर चाळीस वर्षे त्यांनी किती काम केले हे सांगावयास माझी गरज नाही. निदान झाले, औषध मिळाले आणि रोग्याने व त्याच्या घरच्यांनी रोगाचे नाव उच्चारण्यास संकोच केला नाही, तर काय साधते हे यावरून दिसते.

आता रोग नेमका कोठे असतो ते पाहू. आपले जाम हे गाव रस्त्यांच्या फाट्यावर वसलेले आहे. नागपूरहून येणारी वाट येथून एकीकडे हिंगणघाटमार्गे हैदराबादेकडे जाते, दुसरीकडे वरोरा-चंद्रपुराकडे. फाट्यावर खोळंबा झाला की नागपूर सुरळीत आणि चंद्रपूरही सुरळीत असून माल मात्र पोहोचत नाही. या रोगात तसेच होते. मेंदू धड असतो, मज्जातंतू धड असतो, स्नायूही मुळात धड असतो. बिघाड असतो तो मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर. मज्जातंतू स्नायूला प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. दोहोंमध्ये मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी फट असते. मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकाशी आला की तेथून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य त्या फटीत सुटते. पलीकडे स्नायूच्या पृष्ठभागावर त्या द्रव्याला झेलणारे लक्षावधी रेणू असतात. त्यांना आपण ग्राही म्हणू. ग्राहींनी द्रव्य झेलले की स्नायू आकुंचन पावतो. निरोगी माणसात द्रव्यही गरजेपेक्षा अधिक सुटते आणि ग्राहीही गरजेहून अधिक असतात. म्हणून पुन्हा पुन्हा काम करताना सुटणारे द्रव्य थोडे थोडे कमी होत गेले तरी त्याला ते जाणवत नाही. या रोगात ग्राहीच घटलेले असतात. शिल्लक अशी काही उरत नाही. पहिले काही हुकूम पोहोचतात, पुढचे वाटेत विरतात. कामाने वाढणारा थकवा येतो तो असा.

ही गोष्ट समजावयास विज्ञानाला तीनशे वर्षे लागली. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ साली अशा एका स्त्रीचे वर्णन लिहून ठेवले की, जी फार वेळ बोलली म्हणजे तिची वाचाच बंद होई. बर्लिनच्या जॉली यांनी १८९५ साली रोगाला आजचे नाव दिले. उपाय मात्र काहीच नव्हता. १९३४ साली लंडनच्या ग्रिनिच भागातील एका रुग्णालयात काम करणाऱ्या मेरी वॉकर या डॉक्टरबाईंच्या ध्यानात आले की, या रोगाची लक्षणे क्युरारी नावाच्या विषाच्या बाधेसारखी आहेत. मग त्या विषावरचा उतारा येथे का चालू नये? त्यांनी फायसोस्टिग्मीन टोचले, आणि मिटलेल्या पापण्या उघडल्या. परिणाम काही तासच टिके. पण बिघाड सांध्यावर आहे हे त्यावरून दिसून आले.

पुढची पायरी एका सापाने दाखविली, असे म्हटले तर आपणांस नवल वाटेल. आपल्याकडे पावसाळ्यात घरात शिरणारा मण्यार सर्वांस ठाऊक आहे. त्याच्याच जातकुळीतील एका तैवानी सापाच्या विषातून तेथील शास्त्रज्ञ चांग व ली यांनी १९६३ साली एक घटक वेगळा केला. हा घटक स्नायूवरील ग्राहींना इतका घट्ट चिकटतो की त्याच्या साहाय्याने ग्राही मोजता येतात. १९७३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे फॅम्ब्रो, ड्रॅकमन व सत्यमूर्ती या तिघांनी त्या विषाच्या आधारे रुग्णांच्या स्नायूंतील ग्राही मोजले, तेव्हा ते निरोगी माणसाच्या मानाने अवघे ११ ते ३० टक्के भरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात पॅट्रिक व लिंडस्ट्रॉम यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचे शुद्ध केलेले ग्राही सशांना टोचले. सशांच्या शरीराने त्या परक्या द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे रक्तातील शस्त्रे, तयार केली; आणि तीच शस्त्रे सशांच्या स्वतःच्या ग्राहींवर उलटून ससे लुळे पडले. ग्लासगोचे सिम्पसन यांनी १९६० सालीच असा तर्क मांडला होता की, या रोगात शरीर स्वतःवरच शस्त्र धरीत असावे. तो तर्क खरा ठरला.

येथे एक व्यवहाराची सूचना देऊन ठेवतो. जो माणूस रात्री धडधाकट निजला व पहाटे पापण्या मिटलेल्या, जीभ जड झालेली अशा स्थितीत उठला, त्यास हा रोग आहे असे समजून थांबू नये. पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर निजणाऱ्याला असे झाले, तर मण्याराचा दंश झाला आहे असे धरून त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. मण्याराच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. आपला आजचा रोग दिवसांनी व आठवड्यांनी वाढतो, एका रात्रीत नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही प्रतिपिंडे बनवितो कोण, आणि बनविण्याची परवानगी देतो कोण? प्रतिपिंडे बनविण्याचे काम रक्तातील बी पेशींचे. परंतु बी पेशीला आपल्याच मर्जीने असे जहाल व टिकाऊ शस्त्र बनविता येत नाही. तिला मदतनीस टी पेशींची संमती लागते. आपल्या मंडळाच्या खात्यातून रक्कम काढावयाची तर खजिनदारांच्या सहीबरोबर चिटणीसांचीही सही लागते. तसाच हा दोन सह्यांचा व्यवहार आहे. बी पेशीने ग्राहीचा तुकडा पुढे धरावयाचा, मदतनीस टी पेशीने तो तपासून "होय, हा परका आहे" अशी सही करावयाची, मगच शस्त्रांचा कारखाना सुरू व्हावयाचा. मायस्थेनियात दुसरी सही चुकीने केली जाते. ग्राहींवर प्रत्यक्ष आघात करतात ती प्रतिपिंडे. पण आघाताचा हुकूम टी पेशींच्या कचेरीतून सुटतो. प्रयोगशाळेत उंदरांच्या मदतनीस टी पेशी आधीच निष्प्रभ केल्या, तर ग्राही टोचूनही त्यांच्यात हा रोग उभा राहत नाही, असे आढळून आले आहे.

हुकूम आणि शस्त्र यांतील हा फरक निसर्गानेही दाखवून दिला आहे. या रोगाच्या मातांना होणाऱ्या बालकांपैकी दहाबारा टक्क्यांना, काही पाहण्यांत वीस टक्क्यांना, जन्मतः अशीच दुर्बलता आढळते: रडणे क्षीण, दूध ओढता येत नाही. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे गेलेली असतात. परंतु बाळाच्या स्वतःच्या टी पेशींनी तसा हुकूम दिलेला नसल्यामुळे आलेली शस्त्रे संपली की काही आठवड्यांत बाळ बरे होते. शस्त्र उसने मिळाले तर रोग तात्पुरता राहतो. हुकूम देणारा घरात असेल तर तो चालूच राहतो.

मग टी पेशीला आपले व परके शिकविते कोण? छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगास थायमस नावाची ग्रंथी असते. ती बालपणी मोठी असते व वयात आल्यावर आकसत जाते, म्हणून मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे नाव आहे. तिचे कार्य १९६१ सालापर्यंत कोणास ठाऊक नव्हते. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढली. ते उंदीर रोगांना सहज बळी पडू लागले आणि दुसऱ्या उंदराची कातडी लावली तरी तिला विरोध करीनासे झाले. रोगाशी लढणाऱ्या एका मोठ्या पलटणीची तालीम या ग्रंथीत होते हे त्यावरून कळले. थायमसच्या आद्याक्षरावरूनच टी पेशी हे नाव पडले.

टी पेशी जन्मतात हाडांच्या मगजात. तेथून तालमीसाठी थायमसमध्ये येतात. तेथे त्यांची परीक्षा दोन वेळा होते. पहिल्या परीक्षेत स्वकीयांची खूण वाचता येते की नाही हे पाहतात. ज्यांस वाचता येत नाही त्या बाद. दुसऱ्या परीक्षेत शरीराच्या निरनिराळ्या भागांचे नमुने पुढे ठेवतात आणि त्यांपैकी कशावरही जी पेशी तुटून पडते ती नष्ट केली जाते. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची प्रतवारी आपण पाहिली आहे. परंतु थायमसइतका कडक प्रतवारीवाला कोठेही नसेल. तेथे आलेल्या शंभर पेशींपैकी जेमतेम दोनचार बाहेर पडतात. उरलेल्या तेथेच संपतात.

एवढी कडक परीक्षा असूनही काही चुकार पेशी निसटतात, आणि त्या प्रत्येक निरोगी माणसात असतात. त्यांच्यावर धाक ठेवण्यासाठी निसर्गाने टी पेशींतच दुसरा एक वर्ग निर्माण केला आहे, त्यांस नियामक टी पेशी म्हणतात. हा शोध ज्यांनी लावला त्या जपानच्या शिमोन साकागुची यांना आणि अमेरिकेच्या मेरी ब्रुन्को व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. साकागुची यांच्यापुढे एक विलक्षण कोडे होते. जन्मतःच नव्हे, तर जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराची थायमस काढली, तर तो दुबळा होण्याऐवजी त्याच्या शरीरातील पेशी त्याच्याच अवयवांवर तुटून पडत. याचा उलगडा असा झाला की, हल्ला करणाऱ्या पेशी आधी बाहेर पडतात आणि धाक ठेवणाऱ्या नंतर. मध्येच दार बंद केले की पोलिसाविना चोर मोकळे सुटतात. १९९५ साली साकागुची यांनी या नियामक पेशींची ओळख पटविली आणि २००१ साली ब्रुन्को व रॅम्सडेल यांनी त्यांना घडविण्याशी निगडित असलेला जनुक शोधला.

मायस्थेनियाच्या पुष्कळ रुग्णांत या थायमसमध्येच बिघाड सापडतो. तरुण वयात रोग सुरू झालेल्या व ग्राहीविरोधी प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांची ही ग्रंथी आकसण्याऐवजी वाढलेली व बी पेशींच्या कारखान्यांनी भरलेली असते. एकूण रुग्णांपैकी सुमारे १० ते १५ टक्क्यांत तिच्यात गाठ असते. थायमसमध्ये स्नायूसारख्या काही पेशी असतात व त्यांच्या अंगावर हाच ग्राही असतो. तो मुळात परीक्षेतील नमुना. जेथे त्याला हात लावू नये हे शिकवावयाचे, तेथेच त्याच्यावर शस्त्र चालविण्याची दीक्षा मिळते, असा हा विपरीत प्रकार आहे. २००५ साली फ्रेंच संशोधकांना असेही आढळले की, या रुग्णांच्या थायमसमध्ये नियामक टी पेशी संख्येने पुरेशा असतात, परंतु त्यांचा धाक चालत नाही.

हे सर्व कळल्याचा रोग्यास उपयोग काय? उपयोग फार मोठा आहे, कारण प्रत्येक उपचार या साखळीतील एकेका कडीवर आहे. पायरिडोस्टिग्मीनची गोळी फटीतील द्रव्य अधिक वेळ टिकविते. ती लक्षणे झाकते, मूळ हुकूम रद्द करीत नाही. स्टेरॉइड व अझाथायोप्रीन ही औषधे टी व बी पेशींचा जोर कमी करतात; अझाथायोप्रीनचा गुण यावयास कित्येक महिने लागतात, म्हणून अधीर होऊन ते सोडू नये. रक्तातील प्रतिपिंडे गाळून काढण्याची किंवा दात्यांच्या रक्तापासून मिळविलेली इम्युनोग्लोब्युलिने शिरेतून देण्याची पद्धत संकटकाळी उपयोगी पडते. तिचा परिणाम लवकर होतो पण काही आठवडेच टिकतो, कारण शस्त्रे काढली तरी कारखाना चालूच असतो.

कारखान्याची शाळा असलेली थायमस काढून टाकण्याचा मार्गही आहे. अमेरिकेत ब्लेलॉक यांनी १९३६ साली एका तरुणीच्या थायमसमधील गाठ काढली, तिचा रोग ओसरला, व ती हकीकत त्यांनी १९३९ साली प्रसिद्ध केली. परंतु गाठ नसलेल्या रुग्णासही शस्त्रक्रियेचा लाभ होतो काय, याचा रीतसर निवाडा व्हावयास २०१६ साल उजाडावे लागले. १२६ रुग्णांच्या त्या तुलनेत शस्त्रक्रिया झालेल्यांची शक्ती अधिक सुधारली, आणि त्यांना एक दिवसाआड सरासरी ४४ मिलिग्रॅम प्रेडनिसोन पुरले. शस्त्रक्रिया न झालेल्यांना ६० मिलिग्रॅम लागले. तथापि ही ग्रंथी प्रौढपणी निरुपयोगी असते असे मात्र समजू नये. इतर कारणांनी ती काढलेल्या प्रौढांत पुढे मृत्यूचे व कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसले, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळून आले. म्हणून शस्त्रक्रिया कोणाची करावी हे प्रतिपिंडाची जात, वय व छातीचे चित्र पाहून मज्जातंतुतज्ज्ञाने ठरवावयाचे असते. ज्यांच्यात मस्क नावाच्या दुसऱ्या रेणूविरुद्ध प्रतिपिंडे असतात, त्यांना या शस्त्रक्रियेचा लाभ होत नाही.

आणि नवलाची गोष्ट अशी की, ज्या टी पेशींनी घोटाळा केला त्यांनाच आता वैद्याच्या सेवेत घेण्याचा प्रयत्न चालू आहे. रुग्णाच्या टी पेशी काढून, त्यांना प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशी ओळखावयास शिकवून परत सोडण्याचे प्रयोग या रोगात परदेशी झाले आहेत. आपल्या मुंबईत आय. आय. टी. व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्याने रक्ताच्या कर्करोगासाठी अशा घडविलेल्या टी पेशींचा उपचार सिद्ध झाला व २०२३ साली त्यास भारतात मान्यता मिळाली. मायस्थेनियासाठी तो आज उपलब्ध नाही. पण विद्या आपल्या दारापर्यंत आली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

आता ज्या कारणासाठी हा विषय या व्यासपीठावर आणला तेथे येतो. आपले मंडळ वधूवरांची यादी करते, स्थळे सुचविते. अशा रोगाची वार्ता बाहेर फुटली तर मुलीचे लग्न होणार नाही, या भीतीने आईबाप रोग लपवितात. मुलगी सासरी जाते, गोळ्या चोरून घेते, किंवा घेणेच बंद करते. पुढे साध्या खोकल्याचे निमित्त होऊन श्वासाचे स्नायू थकतात आणि जिवावर बेतते. हा प्रसंग रोगाने आणलेला नसतो, लपविण्याने आणलेला असतो. मी स्पष्ट सांगतो: मायस्थेनिया ग्रेव्हिस हा संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने तो होत नाही. पिढ्यान्पिढ्या ठरलेल्या रीतीने उतरणाराही तो नाही. रुग्णाच्या रक्ताच्या नात्यात त्याची शक्यता किंचित अधिक असली तरी ती अल्पच राहते. उपचार चालू असलेल्या स्त्रीस संसार करता येतो, अपत्ये होऊ शकतात. मात्र गर्भ राहण्यापूर्वीच तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण काही औषधे त्याआधी बदलावी लागतात. आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करावे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. लहान मुलांत जन्मतःच दिसणारा, याच सांध्याचा एक वेगळा विकार आहे. त्यात टी पेशींचा दोष नसतो. सांध्याची घडणच जनुकांमुळे सदोष असते आणि म्हणून पेशींचा जोर कमी करणारी औषधे तेथे चालत नाहीत. हा विकार मात्र आनुवंशिक असून जवळच्या नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. मामेबहीण व आतेभाऊ यांचे विवाह आपल्याकडे चालत आले आहेत. ज्या घरात असे मूल आहे, त्या घराने पुढील सोयरीक जमविताना जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. प्रथा किती जुनी हे पाहण्यापेक्षा येणाऱ्या बाळाचे हित पाहणे अधिक धर्म्य आहे.

शेवटी ध्यानात ठेवावयाच्या काही गोष्टी. दिवस कलताना पापणी पडणे, दोन दोन दिसणे, चावताना वा बोलताना थकणे, ही लक्षणे वारंवार दिसली तर डॉक्टरांना सायंकाळची स्थिती सांगावी. पडलेल्या पापणीचे छायाचित्र काढून दाखवावे. दोन मिनिटे बर्फाची पुरचुंडी ठेवल्याने पापणी वर येते काय, ही साधी चाचणीही डॉक्टर करतात. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे रुग्णालय व नागपूरची वैद्यकीय महाविद्यालये आपल्यापासून काही तासांच्या आत आहेत; १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हापासून खेड्यातील माणसास मोठ्या उपचाराची वाट जवळ झाली आहे. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटून शासकीय योजनेत आपला उपचार बसतो की नाही हे विचारावे. ज्यास हा रोग आहे त्याने त्याचे नाव लिहिलेला कागद नेहमी खिशात बाळगावा व कोणतीही सुई टोचून घेण्यापूर्वी तो दाखवावा. जेंटामायसिनसारखी काही जंतुनाशके, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, हिवतापावरील क्विनीन, मॅग्नेशियमची सुई ही औषधे या रोगात अपाय करू शकतात. आणि गिळताना ठसका लागू लागला, धाप लागली, एका दमात वीसपर्यंत आकडे मोजता येईनात, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. एके काळी या रोगाचे फार रुग्ण दगावत. आज योग्य उपचार वेळेवर मिळाले तर बहुतेकांस आपले आयुष्य पुरे करता येते.

मंडळास माझी एकच विनंती आहे. आपल्या शिक्षणनिधीस जोडून रुग्णसाहाय्याचे एक लहानसे खाते उघडावे, आणि नागपुरास वा सेवाग्रामास रुग्णाबरोबर जाण्यास तयार असलेल्या तरुणांची नावे प्रत्येक गावातून नोंदवून घ्यावीत. आपल्या शरीरातील रक्षक जेव्हा ओळख विसरून स्वकीयांवर उठतात, तेव्हा काय अनर्थ होतो ते आपण पाहिले. घरातील माणसांनीही थकलेल्या सुनेला वा मुलीला परके ठरविले, तर तिने कोणाकडे पाहावे? टी पेशींची चूक दुरुस्त करणे वैद्यांचे काम आहे. ही दुसरी चूक टाळणे आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.